गुणपत्रकाबाहेरील गुण

मराठी भाषेंत ‘गुण’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. परीक्षेच्या कागदावर तांबड्या शाईनें जे आंकडे पडतात त्यांस आपण गुण म्हणतों. आणि उद्योग, धीर, सत्यनिष्ठा, नम्रता ह्यांसही गुणच म्हणतों. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजाऱ्यांसारखे नांदत आले आहेत. परंतु त्यांचें परस्परांशीं नातें काय, हें आपण क्वचितच विचारतों. गेलीं दोन वर्षें हा प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे. त्याचें पूर्ण उत्तर आम्हांस सांपडलें असें नाहीं. परंतु तें शोधतां शोधतां आमच्या हातून जी एक चूक झाली, ती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस मोकळ्या मनानें सांगावी, एवढ्याच हेतूनें हा लेख वार्षिकाकरितां लिहीत आहों.

निकालाचा दिवस प्रत्येक शाळेंत सारखाच असतो. हदगांव तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून पालक येतात. कोणी शेतांतून तसेच, पायांस चिखल लागलेले. कोणी बाजारची पिशवी हातांत घेऊन. कोणी माउली दाराबाहेरच उभी राहून पदरानें तोंड पुसणारी. गुणपत्रक हातीं पडल्यावर त्यांतील आंकड्यांकडे पाहण्यापूर्वींच बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, लेकराचं डोकं कसं हाय?” आणि आमचेंही उत्तर ठरलेलें असतें. “डोकें चांगलें आहे, पण लक्ष नाहीं,” असें आम्ही एकास सांगतों. “मेहनती आहे, पण डोकें बेताचें,” असें दुसऱ्यास सांगतों. हीं दोन वाक्यें आम्हीं आजवर शेंकडों वेळां उच्चारलीं असतील. एके वर्षीं मात्र एका पालकानें शांतपणें विचारलें, “लक्ष नाही म्हणता, ते कशानं मोजलं?” त्या गृहस्थांच्या प्रश्नांत खोंच नव्हती, त्यांस खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. डोकें मोजण्यासाठीं निदान परीक्षा तरी आहे. लक्ष, चिकाटी, संयम हीं आम्ही कोणत्या मापानें मोजीत होतों? खरें पाहतां, आम्ही मोजीत नव्हतोंच. आम्ही केवळ बोलत होतों.

त्या दिवसापासून ह्या विषयावर जें कांहीं वाचावयास मिळालें तें आम्ही वाचूं लागलों. बुद्धीचें मोजमाप करण्याची पहिली व्यवहार्य कसोटी फ्रान्स देशांत आल्फ्रेड बीने व थिओडोर सिमों ह्या दोन विद्वानांनीं इ. स. १९०५ मध्यें सिद्ध केली. कोणत्या मुलांस वर्गांतील नेहमींच्या शिक्षणाहून अधिक साहाय्य हवें आहे, हें ओळखावें, हा तिचा उद्देश होता. मुलांच्या कपाळीं कायमचा शिक्का मारावा हा नव्हता. त्या कसोटीचें हिंदुस्थानी रूप लाहोर येथील फोर्मन ख्रिश्चन कॉलेजांतील डॉ. सी. हर्बर्ट राइस ह्या मिशनरी अध्यापकांनीं १९२२ च्या सुमारास तयार केलें. आणि आपल्या मराठी व शेजारच्या कानडी मुलांकरितां डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनीं ती नव्यानें बसविली. कामतांचा त्या विषयावरील ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. परक्या देशांतील प्रश्न जशाचे तसे आपल्या मुलांस विचारून चालत नाहीं, मुलाची भाषा व त्याचें भोंवतालचें जग ध्यानांत घ्यावें लागतें, हा धडा त्या खटपटीनें घालून दिला.

परंतु विशेष गोष्ट अशी कीं, बीने ह्यांनीं स्वतःच आपल्या कसोटीची मर्यादा सांगून ठेविली होती. शाळेंतील यशाला केवळ बुद्धि पुरत नाहीं. अवधान, इच्छाशक्ति, नियमितपणा, सातत्य आणि धैर्य ह्यांचा त्यांत मोठा वांटा आहे, व आपली कसोटी ह्या गोष्टी मोजीत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढें १९१५ सालीं इंग्लंडांत एडवर्ड वेब ह्या संशोधकानें विद्यार्थ्यांच्या स्वभावाचा अभ्यास करून दाखविलें कीं, बुद्धीहून निराळा असा एक घटक मनुष्याच्या वागण्यांत सर्वत्र दिसतो. त्यास त्यानें हेतूचा स्थिरपणा असें म्हटलें. आपल्याकडे त्यालाच आपण निश्चय म्हणतों. अलीकडे, म्हणजे २००५ सालीं, अमेरिकेंतील अँजेला डकवर्थ व मार्टिन सेलिग्मन ह्यांनीं आठवीच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. वर्षाच्या आरंभीं मुलांची बुद्धि मोजली व आत्मसंयमही मोजला; वर्षाअखेर गुण पाहिले. मुलांमुलांच्या गुणांत जो फरक पडला होता त्याचा उलगडा करण्यास बुद्धीच्या मापापेक्षां संयमाचें माप दुपटीहून अधिक उपयोगीं पडलें. हें वाचून आम्हांस केवढा आनंद झाला म्हणून सांगावें! वाटलें, किल्ली सांपडली. आतां कुलूप उघडणें तेवढें बाकी आहे.

त्या आनंदाच्या भरांत आम्हीं नववीच्या वर्गासाठीं एक वही आंखली. तींत चार रकाने होते : नियमितपणा, चिकाटी, संयम आणि सहकार्य. प्रत्येकास एक ते पांच असे गुण ठेविले. पहिल्या सहामाहींत आम्हीं आपल्या निरीक्षणावरून प्रत्येक विद्यार्थ्यापुढें आंकडे मांडले. आणि मुलांसही एक कागद देऊन सांगितलें कीं, ‘हातीं घेतलेलें काम मी पुरें करितों’, ‘खेळावयास बोलावणें आलें तरी अभ्यास सोडीत नाहीं’, अशा वाक्यांपुढें तुम्हीं स्वतःला किती गुण द्याल तें लिहा. मुलांस मोठी मौज वाटली. आम्हांसही वाटलें कीं, आतां त्या पालकांचें समाधान करितां येईल.

कागद परत आले तेव्हां पहिला धक्का बसला. वर्गांत एक मुलगी आहे. तिची वही केव्हांही उघडावी, तारीख घातलेली, समास सोडलेला, उदाहरण शेवटपर्यंत सोडविलेलें. तिनें चिकाटीपुढें स्वतःला दोन गुण दिले होते. दुसरा एक विद्यार्थी, ज्याची गृहपाठाची वही घरींच राहण्याचा नियम कधीं चुकत नाहीं, त्यानें स्वतःला पांचपैकीं पांच दिले होते. आम्हीं दोघांसही जवळ बोलावून कारण विचारलें. मुलगी खालीं मान घालून म्हणाली, “माझी ताई पहाटे चारला उठून अभ्यास करते, मग सगळ्यांच्या भाकरी करते. मी तर साडेपाचला उठते.” मुलगा म्हणाला, “सर, मी रोज पुस्तक उघडतो. आमच्या गल्लीत दुसरं कोणी उघडत भी नाही.” दोघेंही खरें बोलत होतीं. दोघांनींही प्रामाणिकपणें मोजलें होतें. मात्र दोघांच्या हातांतील गज निराळा होता. एकीनें आपल्या ताईशीं तुलना केली, दुसऱ्यानें आपल्या गल्लीशीं.

मागाहून वाचनांत आलें कीं, ही अडचण केवळ आमच्या वर्गाची नव्हे. १०१६ नव्हे, अगदीं अलीकडे २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या बोस्टन शहरांतील एका पाहणींत असें आढळलें कीं, ज्या शाळांत शिस्त कडक व अभ्यास अधिक, तेथील मुलांची परीक्षेंतील प्रगति अधिक होती. पण चिकाटी व संयम ह्यांविषयीं तींच मुलें स्वतःला कमी गुण देत होतीं. जेथें अपेक्षा उंच, तेथें मनुष्य स्वतःला ठेंगणा समजतो. डकवर्थबाईंनींही २०१५ सालीं दुसऱ्या एका संशोधकासह लिहून बजावलें कीं, अशा मापांवरून शाळांची वा विद्यार्थ्यांची एकमेकांशीं तुलना करूं नये. ज्यांनीं माप लोकप्रिय केलें त्यांनींच त्याचा दोष सांगावा, ह्यांत विद्येचा खरा विनय दिसतो. आम्हीं तो विनय वेळींच शिकावयास हवा होता.

कारण मुलांचे कागद बाजूस ठेविले तरी आमचे स्वतःचे आंकडे आमच्याजवळ होतेच, आणि त्यांवर आमचा पूर्ण भरंवसा होता. त्या आंकड्यांत एका विद्यार्थ्यास नियमितपणाबद्दल एक व चिकाटीबद्दल दोन गुण मिळाले होते. सहामाहींत त्याची गैरहजेरी वर्गांत सर्वांत अधिक होती. आणि तो आला तरी शेवटच्या बाकावर पेंगत असे. दोनदां त्यास आम्हीं उभें केलें, एकदां वर्गाबाहेरही पाठविलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या प्रगतिपुस्तकांत आम्हीं शेरा लिहिला : ‘अभ्यासाची आवड नाहीं. चिकाटीचा अभाव.’ अक्षर सुवाच्य होतें. खालीं स्वाक्षरी केली व पान उलटलें.

जानेवारी महिन्यांत तो शाळेंत येईनासा झाला. आठवडा गेला, दुसरा गेला. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलास विचारलें तेव्हां तो चांचरत म्हणाला, “त्याचे वडील म्हणले, गुरुजींनीच लिहून दिलंय की पोराला आवड नाही. मग कशाला पाठवायचं?” हे शब्द ऐकून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. आमची तीं पांच-सहा अक्षरें आमच्या दृष्टीनें एका वहींतील नोंद होती. एका घरांत मात्र तो निकाल ठरला होता.

रविवारीं दुपारीं त्याच मुलास बरोबर घेऊन आम्ही निघालों. पैनगंगेच्या बाजूचें तें एक लहानसें खेडें. वाटेंत एक ओढा लागतो. तेव्हां त्यांत घोट्याइतकेंही पाणी नव्हतें. पण बरोबरचा मुलगा सहज म्हणाला कीं, पावसाळ्यांत पूर आला कीं दोन-दोन दिवस पलीकडे जातां येत नाहीं. आमच्या वहींतील ऑगस्ट महिन्याच्या कांहीं गैरहजेऱ्यांचा अर्थ तेथेंच, त्या कोरड्या ओढ्यांत उभें असतांना आम्हांस कळला.

घरीं बाप खाटेवर होता. दसऱ्याच्या आधींच त्याचा पाय मोडला होता. आई व मुलगा मिळून दुसऱ्यांच्या रानांत कापूस वेंचावयास जात. दिवाळीच्या पुढें वेंचणी जोरावर असते. तेव्हां मुलगा दोन दिवस शाळेंत आणि चार दिवस रानांत, असा हिशेब चाले. आम्हांस पाहून बापानें उठण्याचा प्रयत्न केला. आम्हीं त्यास पडून राहण्यास सांगितलें. काय बोलावें तें सुचेना. शेवटीं आम्हीं सांगितलें कीं, शेरा लिहिण्यांत आमची चूक झाली. तेव्हां दाराशीं बसलेली त्याची आई बोलली. तिचे शब्द जसे आठवतात तसे येथें देतों : “गुरुजी, पहिल्या वेचणीला दिवसभरात ओट्यावर ओट्या भरतेत. शेवटच्या वेचणीला सांज होईपर्यंत अर्धं माप भी होत नाही. काट्यावर घातलं की मालक म्हणतो, आज काम केलं नाही. हात तर तेच हायेत.”

आम्हीं मानसशास्त्रावरील जें जें वाचलें होतें त्यांत इतकें स्पष्ट वाक्य आम्हांस आढळलें नव्हतें. काटा खोटें बोलत नाहीं. वजन खरेंच कमी भरतें. पण वजन हें हातांचेंच माप नव्हे. तें रानाचेंही माप आहे. बोंडें फुटलेलीं असतील तर तेच हात ढीग घालतात. झाड रिकामें असेल तर तेच हात रिते राहतात. आम्हीं आपल्या काट्यावर मुलगा घातला आणि रानाचा विचार केला नाहीं.

निघतांना मुलानें आपल्या वह्या आणून दाखविल्या. आम्हांस वाटलें, त्या अर्धवट असतील. पण शाळेंत न आलेल्या प्रत्येक दिवसाचा पाठ त्यानें मित्राच्या वहींतून उतरून घेतला होता. वर तारीखही घातली होती. कांहीं पानांवरील अक्षर वांकडें झालें होतें, तें झोंपेच्या गुंगींत लिहिलेलें असावें. वर्गांत तो कां पेंगतो ह्याचेंही उत्तर त्या पानांत होतें. आमच्या वहींत चिकाटीचा रकाना होता, परंतु ही चिकाटी लिहिण्यास जागा नव्हती; कारण ती शाळेच्या आवाराबाहेर, रात्रीं, घरांतील एका दिव्याखालीं घडत होती.

तिसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला. पूर्वींचा शेरा आम्हीं एक रेघ मारून खोडला, पण वाचतां येईल असाच ठेविला. खालीं लिहिलें : ‘वरील शेरा चुकीचा होता. विद्यार्थ्यानें चुकलेले सर्व पाठ स्वतः पुरे केले आहेत.’ मग रात्रीं बसून आमच्या चुकीचा हिशेब केला. पहिली चूक अशी कीं, आम्हीं गैरहजेरीची केवळ बेरीज केली, तारखा पाहिल्या नाहींत. तारखा पाहिल्या असत्या तर पुराचे दिवस निराळे व वेंचणीचे दिवस निराळे आपोआप दिसले असते. आळसाला असा हंगाम नसतो. दुसरी अशी कीं, जें आमच्या डोळ्यांसमोर घडतें तेवढेंच आहे असें आम्हीं धरून चाललों. तिसरी आणि सर्वांत मोठी अशी कीं, आम्हीं प्रश्न विचारण्यापूर्वींच उत्तर लिहिलें. ‘इतके दिवस कोठें होतास?’ एवढेंच विचारलें असतें तर ओढा ओलांडून जाण्याची पाळी आली नसती.

संशोधकांनाही असाच एक धडा मिळालेला आहे. १९६० नंतरच्या दशकांत वॉल्टर मिशेल ह्यांनीं अमेरिकेंत लहान मुलांपुढें एक मऊ गोड वडी ठेविली व सांगितलें कीं, थोडा वेळ थांबशील तर दोन मिळतील. जीं मुलें थांबलीं तीं पुढें अभ्यासांत सरस निघालीं, असें दिसून आलें, आणि तो प्रयोग जगभर गाजला. परंतु २०१८ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं नऊशेंहून अधिक मुलांची माहिती घेऊन पुन्हां पाहिलें. थांबण्याचा व पुढील यशाचा संबंध आधींच कमी भरला. आणि घरची परिस्थिति, आईचें शिक्षण इत्यादि गोष्टी हिशेबांत घेतांच तो आणखी सुमारें दोन तृतीयांशानें घटला. ज्या घरीं उद्यांची भाकरी निश्चित आहे तेथील मूल निवांत थांबूं शकतें. जेथें निश्चिति नाहीं तेथें हातीं आलेलें खाणें हेंही एक शहाणपणच असतें. त्याहूनही पूर्वीं, १९२८ ते १९३० ह्या काळांत, हार्टशोर्न व मे ह्यांनीं हजारों मुलांच्या प्रामाणिकपणाच्या कसोट्या घेतल्या. तेव्हां एका प्रसंगीं प्रामाणिक राहिलेलें मूल दुसऱ्या प्रसंगीं तसेंच वागेल असें म्हणतां येईना. सारांश, शील ही कांहीं खिशांत बाळगण्याची वस्तु नव्हे कीं कोठेंही काढून तोलावी. प्रसंग, सोबत व परिस्थिति ह्यांशीं तिचा अखंड संबंध असतो.

आपल्या मराठवाड्यास हें निराळें सांगावयास नको. १९४८ पूर्वीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि वरचें शिक्षण उर्दू भाषेंतून चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. घरीं मराठी बोलणारीं कितीएक मुलें त्या काळीं पुढें शिकूं शकलीं नाहींत. त्यांचीं डोकीं कमी होतीं, कीं त्यांस चिकाटी नव्हती? नाहीं, त्यांची भाषा शाळेच्या दाराबाहेर राहिली होती. अशा काळांत स्वामी रामानंद तीर्थांसारख्या मंडळींनीं हिप्परगा व अंबाजोगाई येथें राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांतून शिकविण्याचें व्रत घेतलें, तें मुलांमध्यें उणें काय ह्याची मोजदाद करण्यासाठीं नव्हे, तर त्यांस उभें राहण्यास जागा मिळावी म्हणून. त्यांचेंच नांव धारण करणारें विद्यापीठ १९९४ पासून नांदेडास उभें आहे, आणि ज्यांच्या आज्यांनीं पाटी पाहिली नव्हती अशा मुली तेथें पदव्या घेत आहेत. दोन-तीन पिढ्यांत डोकीं बदलत नसतात. रान बदललें आहे.

शेजारच्या लातुराकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आज प्रत्येक पालकाच्या तोंडीं आहे. त्यांत जादू कोणती होती? लातुरांतील मुलांचीं डोकीं महाराष्ट्रांतील इतर मुलांपेक्षां मोठीं नव्हतीं. आंखीव वेळापत्रक, पुनःपुन्हां सराव-परीक्षा, आणि शंका विचारण्यास शिक्षक हजर, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे मुलांच्या आंगीं नियमितपणा आधीं असावा अशी वाट न पाहतां, नियमितपणा सोपा होईल असें भोंवताल तयार केलें गेलें. त्या पद्धतींत मुलांवर पडणारा ताण हा निराळा व गंभीर विषय आहे. त्याकडे डोळेझांक करावी असें आम्ही म्हणत नाहीं.

आपल्या सरकारनेंही गुणपत्रकाबाहेर पाहण्याचे प्रयत्न केले आहेत. २०१० पासून महाराष्ट्रांत पहिली ते आठवीसाठीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें. त्यांत प्रत्येक मुलाची विशेष प्रगति, आवड व सुधारणेची गरज ह्यांविषयीं शिक्षकानें वर्णनात्मक नोंदी करावयाच्या असतात. २०१६ सालीं माध्यमिक शिक्षण मंडळानें दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं कलमापन चाचणी सुरू केली, व ती कांहीं वर्षें चालली. मुलाचा ओढा शेतीकडे आहे, वाणिज्याकडे आहे, कीं ललित कलांकडे, हें तिनें सुचवावयाचें होतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून, त्यांत विद्यार्थ्यानें स्वतःचें व सोबत्यांनीं एकमेकांचें मूल्यमापन करावें असेंही म्हटलें आहे. हेतु उत्तम आहेत. परंतु चाळीस मुलांपुढें ‘प्रयत्नशील आहे’, ‘सहकार्य करितो’ अशीं तयार वाक्यें एकाखालीं एक उतरवून काढण्याचा मोह किती अनावर असतो, हें आम्हीं स्वतः अनुभविलेलें आहे. आणि त्यापुढें जाऊन ‘चिकाटीचा अभाव’ असें लिहिण्याचा अपराधही आम्हींच केला आहे. रकाना वाढला म्हणून दृष्टि वाढत नाहीं.

मग मोजूंच नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. वैद्य नाडी पाहतो ती रोग्यांची रांग लावण्यासाठीं नव्हे, औषध देण्यासाठीं. तसेंच येथें मोजावें तें साहाय्य करण्यासाठीं मोजावें. आमची ती वही आम्हीं फाडली नाहीं. तिचे रकाने तेवढे बदलले. आतां तींत एक ते पांच असे आंकडे नाहींत. मूल कोणत्या तारखेस आलें नाहीं, कां आलें नाहीं, चुकलेला पाठ त्यानें कसा भरून काढला, आणि आम्हीं त्यास कोणतें साहाय्य केलें, एवढेंच तींत लिहितों. शेवटचा रकाना बराच काळ कोरा राहिला, हें सांगतांना लाज वाटते. पण तो कोरा दिसतो म्हणूनच तो भरण्याची आठवण होते.

पालकहो, तुम्हांस आमची एक विनंति आहे. शिक्षकाचा शेरा हा ईश्वरी लेख नव्हे. तो वाचून मुलास घरीं बसवूं नका; शाळेंत या आणि विचारा, ‘हें कशानें मोजलें?’ आणि घरीं काय चाललें आहे तें आम्हांस सांगा. त्यांत कमीपणा नाहीं. मुलाला बसण्यास एक कोपरा, निजण्यास पुरेशी रात्र, आणि चूक झाली तर ‘पुन्हां करून पाहा’ असे तीन शब्द, एवढें ज्या घरांतून मिळतें तेथें चिकाटीचें बीज रुजण्यास वेळ लागत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस इतकेंच सांगणें कीं, आपला गज आपल्या कालच्या दिवसावर ठेवा. शेजाऱ्यास किती मिळाले ह्यापेक्षां काल न सुटलेलें उदाहरण आज सुटलें कीं नाहीं, हें एका लहान वहींत लिहून ठेवा. परिस्थितीचें ओझें खरें असतें. पण सबबीचें ओझें त्याहून जड असतें. तुमचाच एक सोबती दिवसा कापूस वेंचून रात्रीं पाठ उतरवीत होता, हें ध्यानांत असूं द्या.

प्रभु येशूनें सांगितलेला दासांचा दृष्टांत आमच्या शाळेंतील सर्व धर्मांच्या मुलांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकलेला आहे. धन्यानें एकास पांच वांटे दिले, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. पहिल्यानें पांचाचे दहा केले, दुसऱ्यानें दोहोंचे चार. दहा व चार ह्यांत केवढें अंतर! परंतु धन्यानें दोघांस एकच शाबासकी दिली, एका शब्दाचाही फरक न करितां. दोष दिला तो केवळ द्रव्य पुरून ठेवणाऱ्यास. कारण कोणास किती दिलें होतें, हें त्या धन्यास ठाऊक होतें. आम्हां शिक्षकांस तें ठाऊक नसतें, म्हणून तर विचारावें लागतें, आणि कधीं कधीं ओढा ओलांडून जावें लागतें.

तो विद्यार्थी यंदा दहावीस आहे. बापाचा पाय बरा झाला असून तो पुन्हां कामावर जाऊं लागला आहे. मुलाचा परीक्षेचा निकाल अद्याप लागावयाचा आहे, आणि तो काय लागेल हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु गुणपत्रक हातीं येईल तेव्हां आम्ही प्रथम आंकडे पाहणार नाहीं. त्या वांकड्या अक्षरांच्या वह्या आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांत जे गुण आहेत ते त्यास आधींच मिळालेले आहेत.